ड्रॉइंग बरोबर होतं, तरी पाया फोडावा लागला

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र कोल्हापुरातल्या एका विद्युत अभियंता मैत्रिणीचं आहे. वय ३६. आधी डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून पदवी. उपकेंद्रांचं डिझाइन करणाऱ्या एका छोट्या कन्सल्टन्सीत त्या बरीच वर्षं काम करतात. ले-आउट (कुठलं उपकरण कुठं बसणार याची मांडणी) आणि अर्थिंग (दोष आला तर वीज सुरक्षितपणे जमिनीत उतरवण्याची व्यवस्था) या दोन गोष्टींत त्यांचा हातखंडा. गेल्या वर्षी सरांनी त्यांना डिझाइन मॅनेजर केलं. आता २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तीन उपकेंद्रांचं डिझाइन त्यांच्याकडे आहे. दोन ठिकाणी काम चालू आहे, तिसऱ्याची जागा शिरोळ तालुक्यात आहे आणि तिथला सर्व्हे नुकताच हाती आलाय. हाताखाली सहा माणसं. त्यांत एक पंचावन्नीचे ड्राफ्ट्समन दादा आहेत, ज्यांनी त्यांना सुरुवातीला ड्रॉइंग वाचायला शिकवलं.

दिवस फोनवर जातो. "मॅडम, गडी थांबल्यात, काँक्रीट कधी टाकायचं सांगा की," असा साईटवरचा सूर. रात्री मुलगा झोपल्यावर अकरानंतर त्या प्रत्येक ड्रॉइंग स्वतः तपासतात. तरीही दोन महिन्यांपूर्वी एका साईटवर सर्किट ब्रेकरचे (दोष आला की वीज तोडणाऱ्या उपकरणाचे) तीन पाये फोडावे लागले, कारण बोल्ट जुळले नाहीत. कंत्राटदाराच्या खरेदी विभागानं मधल्या काळात ब्रेकरचा मेक, म्हणजे बनवणारी कंपनी, बदलला होता आणि नव्या कंपनीचं ड्रॉइंग त्यांच्याकडेच पडून होतं. खापर मात्र डिझाइनवर फुटलं. तेव्हापासून त्यांनी तपासणी आणखी कडक केली आणि ड्रॉइंग आणखी उशिरा जाऊ लागली. त्या विचारतात: "माझ्यात मॅनेजर व्हायची कुवत नाही असं सरांना सांगून पुन्हा डिझाइनच्या खुर्चीत बसू का? पुण्याहून एक ऑफर आहे, ती घेऊ? की अजून काटेकोर तपासायला शिकू? इंजिनिअरिंग सुटत चाललंय, नुसती फोनाफोनी उरलीय."

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात स्वतःच्या कुवतीबद्दल पानभर मजकूर आहे आणि त्या तीन पायांबद्दल चारच ओळी. मला उत्तर त्या चार ओळींत दिसतं, म्हणून आधी तिथंच थांबू.

तुम्ही तपासलं तेव्हा ते ड्रॉइंग चुकीचं होतं का? नव्हतं. ज्या कंपनीचा ब्रेकर ठरला होता तिच्या कागदाप्रमाणे बोल्टांमधली अंतरं, बोल्टांचा व्यास, पायाची उंची सगळं बरोबर होतं. २२० केव्हीच्या ब्रेकरचा सांगाडा बहुतेक वेळा ब्रेकरबरोबरच येतो. त्यामुळे पायात बोल्ट कुठं बसवायचे हे ब्रेकर कुणाचा घेतला यावर ठरतं. पुढं मेक बदलला आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. साईटवर तुमचं मंजूर झालेलं, तपासलेलं ड्रॉइंग होतं आणि लोकांनी इमानदारीनं त्याच्याप्रमाणे काँक्रीट टाकलं. मग त्या रात्री तुम्ही दोनपर्यंत जागला असतात तरी तुम्हाला काय सापडलं असतं? काहीच नाही. चूक त्या कागदावर नव्हतीच. ती कंत्राटदाराच्या खरेदी विभागात आणि तुमच्या ऑफिसात मिळून जी एक वाट असायला हवी होती, ती नसण्यात होती.

आणि त्यावर तुम्ही उपाय कोणता केलात? तपासणी वाढवली. त्यानं ड्रॉइंग उशिरा जाऊ लागली, उशीर झाला म्हणून साईटचे फोन वाढले, फोन वाढले म्हणून दिवसा काम होईना, आणि सगळं रात्रीवर ढकललं गेलं. यात तुमच्या कुवतीचा संबंध कुठं येतो ते मला खरंच दिसत नाही. तुम्ही प्रामाणिकपणे आणि जीव तोडून काम करताय, पण जिथं गळतंय तिथं ते पोचत नाहीये.

तुमच्या पत्रामागे दोन गृहीतं आहेत. एक, मी प्रत्येक ड्रॉइंग नजरेखालून घातलं की डिझाइन सुरक्षित. दोन, मॅनेजर झाल्यापासून इंजिनिअरिंग सुटलं. दोन्ही मला पटत नाहीत. आपल्या क्षेत्रात चांगला डिझायनर वर चढला की हमखास याच दोन गृहीतांपाशी अडकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्रॉइंग ही शेवटी येणारी गोष्ट आहे. त्याच्या आधी निर्णय असतात, आणि निर्णयांच्या आधी कुठून तरी आलेली माहिती. मोठ्या उपकेंद्राच्या प्रकल्पात ड्रॉइंग आणि गणितांचे कागद शेकड्यांनी असतात, पण त्यांना आकार देणारे कळीचे निर्णय फार तर तीस-चाळीस. ते कुणी, कधी, कशाच्या आधारावर घेतले आणि बदलले तर कुणाकुणाला कळलं पाहिजे, हे सांभाळणं म्हणजे डिझाइन मॅनेजरचं काम. गुऱ्हाळावर रस काहिलीत पडल्यावर ऊस कुठल्या रानातला होता हे विचारून उपयोग नसतो, तसं ड्रॉइंग तयार झाल्यावर माहितीची चौकशी करून फार काही हाती लागत नाही.

तुमच्या शिरोळच्या जागेचंच घ्या. सर्व्हे आलाय म्हणता, म्हणजे ले-आउट काढायला कुणीतरी बसलंही असेल. पण तिथला पहिला प्रश्न ले-आउटचा नाही. यार्डाची, म्हणजे उपकरणं उघड्यावर उभी असतात त्या आवाराची, तयार जमीन कुठल्या पातळीवर ठेवायची, हा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा तो मुलूख. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या जिल्ह्यात उपकेंद्रं पाण्यात गेली, बंद ठेवावी लागली, लोक दिवसेंदिवस अंधारात राहिले, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आता बघा, इथंच गफलत होते. ते फूट बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत. तुमच्या सर्व्हेतले मीटर समुद्रसपाटीपासूनचे. शिवाय बंधारा कोल्हापूरजवळ आणि तुमची जागा तिथून कितीतरी खाली, दुसऱ्या नदीच्या फुगवट्यात. म्हणून बातमीतला आकडा उपयोगाचा नाही. पाटबंधारे विभागाकडून त्या ठिकाणची पूररेषा आणि उच्चतम पूरपातळी समुद्रसपाटीच्या हिशेबात लेखी मागवायची. गावातल्या जुन्या घराच्या किंवा देवळाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण असेल तर सर्व्हेवाल्याला ती पातळीही मोजायला सांगायची. दोन्ही आकडे एका कागदावर आले की मग बोलता येतं.

समजा ठरलं की जमीन दीड मीटर उचलायची. हा निर्णय सिव्हिलचा वाटतो ना? त्याचं पुढं काय होतं ते पाहा. दीड मीटर भराव म्हणजे बाहेरून आणलेला मुरूम. शिरोळच्या काळ्या मातीत वीज सहज पसरते, तिचा विद्युतरोध कमी. तुमच्या माणसानं मूळ जमिनीत चार खुंट्या ठोकून मोजलेले रोधाचे आकडे छान येणार आणि अर्थिंगचं जाळं स्वस्तात बसणार. पण जाळं तयार जमिनीच्या साधारण ६०० मिलिमीटर खाली टाकतात, म्हणजे ते काळ्या मातीत नाही, मुरुमात जाणार! मुरुमाचा रोध जास्त. वरचा थर मुरुमाचा आणि खालचा काळ्या मातीचा, असं दोन थरांचं गणित करावं लागणार. स्पर्श आणि पाऊल व्होल्टेजचे, म्हणजे दोषाच्या वेळी उपकरणाला हात लावणाऱ्याला किंवा जमिनीवर चालणाऱ्याला बसू शकणाऱ्या व्होल्टेजचे, आकडे बदलणार. मूळ आकड्यांवर काढलेलं अर्थिंगचं ड्रॉइंग गणिताच्या दृष्टीनं निर्दोष असेल, तुम्ही रात्री बारा वाजता तपासाल तेव्हाही निर्दोषच दिसेल, आणि तरीही ते त्या जागेचं नसेल. यार्डात ब्रेकरच्या पेटीला हात लावून उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरच्या जिवाचा हा प्रश्न आहे, म्हणून एवढं लांबवून सांगतोय.

तोच निर्णय आणखी कुठं कुठं जातो? केबल ट्रेंचच्या तळाच्या उतारात, कारण पाणी बाहेर काढायला नाल्याची पातळी तरी खाली हवी. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या खड्ड्यात, कारण पुरात बाहेरचं पाणी नळीवाटे आत उलटं आलं तर तेल तरंगून पसरेल. यार्डाच्या रस्त्याच्या चढात, कारण ट्रान्सफॉर्मर घेऊन येणारा ट्रेलर त्याच रस्त्यानं चढणार. सगळ्या पायांच्या खोलीत, कारण काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, पाये तिच्याखाली घट्ट थरावर न्यावे लागतात. आणि कंत्राटदाराच्या खिशात, कारण एवढा मुरूम फुकट येत नाही. म्हणून तो शेवटपर्यंत जमीन कमी उचलण्याचा आग्रह धरणार.

हा निर्णय घ्यायला तुमच्या ऑफिसात नेमका कोण आहे? इलेक्ट्रिकलचा मुलगा म्हणेल पातळी सिव्हिलची. सिव्हिलचा म्हणेल ग्राहक सांगेल तसं. ग्राहक म्हणेल कन्सल्टंट प्रस्ताव देऊ देत. हे सगळे धागे ज्याच्या हातात एकत्र येतात अशी त्या ऑफिसात एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर तुम्ही बसला आहात. याला इंजिनिअरिंग सुटणं म्हणायचं? अर्थिंगचं गणित कुणीही शिकलेला मुलगा करेल. भरावामुळं ते गणित बदलतं हे ज्याला आधी दिसतं, तो मॅनेजर हवा. तुम्हाला ते दिसेल, कारण तुम्ही अर्थिंग स्वतःच्या हातानं केलंय.

सीटीचं (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करणारं उपकरण) उदाहरण थोडक्यात देतो, कारण तिथं चूक उशिरा उघडी पडते. सीटीची ऑर्डर लवकर द्यावी लागते, रिले (दोष ओळखून ब्रेकरला हुकूम देणारं उपकरण) पॅनेलची नंतर. सीटीचं नी-पॉइंट व्होल्टेज (ज्याच्यापुढं सीटीचं मोजमाप भरवशाचं राहत नाही) मात्र रिलेच्या गरजेवर आणि यार्डापासून पॅनेलपर्यंतच्या तारेच्या लांबीवर ठरतं. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. अडीचशे मीटरवरच्या बेसाठी (यार्डातल्या एका लाइनच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कप्प्यासाठी) जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर, म्हणजे ३.७ ओहम. सीटीची सेकंडरी, म्हणजे बाहेर येणारी बाजू, १ अँपिअरची असेल तर तारेचाच भार ३.७ व्हीए (व्होल्ट-अँपिअर). कुणी जुन्या सवयीनं ५ अँपिअर लिहिलं तर तोच भार ९२ व्हीएच्या वर. मधेच कंट्रोल रूम जागेअभावी शंभर मीटर सरकली, किंवा पॅनेल कंट्रोल रूमऐवजी यार्डातल्या किऑस्कमध्ये (छोट्या केबिनमध्ये) बसवायचं ठरलं, की हे सगळं बदलतं. ले-आउट करणाऱ्याला वाटतं आपण नुसती खोली सरकवली. सीटीच्या डेटाशीटवर बसलेल्याला ते कळत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आता उद्यापासून काय करायचं ते.

एक साधी वही किंवा एक्सेल उघडा. प्रत्येक प्रकल्पाचे ते तीस-चाळीस निर्णय लिहा: जमिनीची पातळी, फॉल्ट करंट (दोषाच्या वेळचा प्रवाह) आणि तो किती वेळ धरायचा, बसबारची (सगळ्या लाइन जिथं जोडल्या जातात त्या मुख्य वाहकांची) योजना, प्रत्येक उपकरणाचा मेक, कंट्रोल रूमची जागा, रिलेचा मेक, ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि तेल, पुढच्या विस्तारासाठी किती बे मोकळे ठेवायचे. प्रत्येकापुढं तीन गोष्टी हव्यात. पक्का की गृहीत धरलेला, कुणाकडून येणार, आणि बदलला तर कुठली ड्रॉइंग हलणार. ही तिसरी गोष्ट भरायला वेळ लागेल आणि तीच सगळ्यात मोलाची आहे. ती एकटीनं भरू नका. सगळ्यांना बसवून भरा, त्यात पोरं जेवढं शिकतील तेवढं तुमच्या लाल पेनानं शिकणार नाहीत.

गृहीतावर चाललेलं काम थांबवायचं नाही, पण ते ड्रॉइंगवर दिसलं पाहिजे. ढगाची खूण करून "होल्ड, ब्रेकरचा मेक निश्चित झाल्यावर" असं स्पष्ट लिहा आणि बाकीचा भाग सोडा. साईटवरचे गडी थांबतात कारण तुम्ही सगळं एकदम परिपूर्ण करून पाठवायला बघता. गँट्रीचे (तारा ताणून धरणाऱ्या लोखंडी चौकटीचे) पाये वाऱ्यावर, तारांच्या ताणावर आणि मातीवर ठरतात, ब्रेकर कुणाचा यावर नाही. कंट्रोल रूमच्या इमारतीचे पाये, कुंपणभिंत यांचंही तसंच. ते आधी जाऊ द्या. उपकरणांचे पाये मेक पक्का झाल्यावर. फार घाई असेल तर पायात पॉकेट (खाच) सोडून बोल्ट नंतर ग्राऊट करण्याचा, म्हणजे ती खाच भरून पक्के करण्याचा, मार्ग आहे, पण ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये ते चालतं का हे आधी विचारून घ्या. काय कधी मिळणार हे साईटला आठवड्याच्या सुरुवातीला लेखी कळलं की निम्मे फोन आपोआप बंद होतात.

उपकरण कंपनीकडून सगळे कागद एकदम मागू नका. चाचणी अहवालांचे गठ्ठे येत राहतील. पहिल्यांदा चारच गोष्टी हव्यात: बाहेरची मापं, तळाचं आणि बोल्टांचं ड्रॉइंग, वजन आणि चालताना पायावर येणारा धक्का, आणि टर्मिनलची उंची-प्रकार, कारण क्लॅम्प त्यावर ठरतात. ऑर्डरनंतर किती दिवसांत हे मिळालं पाहिजे ते खरेदीच्या ऑर्डरमध्येच घालायला लावा.

आणि कंत्राटदाराशी एक गोष्ट लेखी ठरवा: कुठल्याही उपकरणाचा मेक बदलायचा असेल तर ऑर्डर जाण्याआधी तुमच्याकडे ईमेल आली पाहिजे, आणि तुमच्याकडून "या-या ड्रॉइंगवर परिणाम होतो" असं उत्तर गेल्याशिवाय साईटनं जुन्या ड्रॉइंगवर काम करायचं नाही. त्यांच्या खरेदीतला माणूस आठवड्यातून अर्धा तास फोनवर तरी तुमच्या बैठकीत हवा. त्या बैठकीत प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा. तुझं काम कुणामुळं अडलंय? आणि या आठवड्यात तुझ्याकडचं काय बदललं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक हौसेनं देतात. दुसऱ्याचं देत नाहीत, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. तुमचे तीन पाये त्या दुसऱ्या उत्तरात होते.

तपासणीचं म्हणाल तर ती सोडा असं मी म्हणत नाही. सिंगल लाइन डायग्राम, ले-आउटचे प्लॅन आणि सेक्शन, अर्थिंगचं आणि वीज पडण्यापासूनच्या संरक्षणाचं गणित, सीटी आणि पीटीची (व्होल्टेज मोजण्याजोगं कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) आकडेवारी, ट्रान्सफॉर्मरभोवतीची आगीची व्यवस्था, हे तुमच्या नजरेखालून गेलंच पाहिजे. २००० लिटरपेक्षा जास्त तेलाची उपकरणं शेजारी-शेजारी असतील तर मधल्या आगभिंतीचा नियम पाळावा लागतो आणि त्यानं ट्रान्सफॉर्मरमधली जागा बदलते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. पण केबल शेड्यूलची पानंच्या पानं, क्लॅम्पच्या याद्या, दिव्यांचं ड्रॉइंग हे रात्री बारा वाजता तुम्ही का तपासताय? ते त्यांना एकमेकांचं तपासू द्या. त्यातही विषय ओलांडून तपासायला लावा. पायाचं ड्रॉइंग इलेक्ट्रिकलच्या मुलानं उपकरणाच्या कागदाशी ताडून बघायचं, आणि केबल ट्रेंचचा मार्ग सिव्हिलच्या मुलीनं पायांशी. आपल्याच विषयातला माणूस आपल्यासारखंच बघतो. सुरुवातीला काही निसटेल. निसटलेलं साईटवर पोचायच्या आत पकडायला तुमच्या त्या दहा-बारा मुख्य ड्रॉइंगची तपासणी आहेच.

एका गोष्टीवर मात्र कडक राहा. जुन्या प्रकल्पाची फाईल उघडून नाव बदलायची सवय. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडं ११० केव्हीची यंत्रणा आहे, राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी १३२. दुसरीकडचं ड्रॉइंग उचललं की पीटीचं गुणोत्तर १३२ चंच राहून जातं, आणि असे आकडे डोळ्याला इतके सवयीचे असतात की तीन माणसांच्या हातून निसटतात. जुनं वापरायचं असेल तर त्यातला प्रत्येक आकडा निर्णयांच्या वहीशी ताडायचा, मगच पुढं.

आता दादांविषयी. तुम्ही लिहिलंय की त्यांना काम परत द्यायला, चूक दाखवायला तुम्हाला संकोच वाटतो, म्हणून त्यांची ड्रॉइंग तुम्ही गुपचूप स्वतःच दुरुस्त करता. तुमची भावना मी समजू शकतो. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना लाल खुणा करून कागद परत देणं आपल्याकडं सोपं नसतं. पण गुपचूप दुरुस्त करण्यात त्यांचा मान राहतो असं वाटत असेल तर तसं होत नाही. त्यांना कळतंच. पंचवीस-तीस वर्षं ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला आपली रेघ हलवलेली ओळखू येणार नाही? त्यांच्याशी एकदा निवांत बसा, चहा मागवा, आणि सांगा: "दादा, प्लॅन आणि सेक्शन एकमेकांशी जुळतात का, क्लिअरन्स सगळीकडं मिळतात का, हे सगळ्या प्रकल्पांचं तुम्ही बघा. पोरांची ड्रॉइंग परत पाठवायचा अधिकारही तुमचाच." २२० केव्हीला फेजपासून (वीज वाहणाऱ्या भागापासून) जमिनीशी जोडलेल्या भागापर्यंत मोकळं अंतर म्हणून लागणारे २१०० मिलिमीटर सेक्शनमध्ये कुठं कमी पडतील, हे त्यांच्या नजरेला सॉफ्टवेअरच्या आधी दिसेल. त्यांच्याकडं जे आहे त्याचा मान ठेवा. सॉफ्टवेअरमधला वेग त्यांच्याकडं नसेल, तो तरुण पोरांकडं आहे.

ग्राहकाच्या मंजुरीबद्दल थोडंच. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलनं पाठवा, "आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे" एवढ्यानं सुरुवात करून. शेऱ्यांसह मंजूर होऊन आलेलं ड्रॉइंग साईटला परस्पर जाऊ देऊ नका. शेरे घालून, रिव्हिजन चढवून, बांधकामासाठी असा शिक्का असलेलंच जायला हवं, आणि जुनी प्रत साईटवरून परत आली किंवा रद्द झाली याची नोंद हवी. हे सगळ्यांना ठाऊक असतं. करणारे थोडे.

तुमच्या तीन पर्यायांकडं येतो. डिझाइनच्या खुर्चीत परत जाण्यात कमीपणा अजिबात नाही. अर्थिंगमध्ये किंवा प्रोटेक्शनमध्ये जन्म घालवणारी माणसं लागतात, त्यांच्यावाचून आमच्यासारख्यांचं पान हलत नाही. तुम्हाला खरोखर ती ओढ असेल तर जरूर जा. पण "मला जमलं नाही" म्हणून जाऊ नका, कारण जमतं की नाही हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. आतापर्यंत तुम्ही मॅनेजरच्या खुर्चीत बसून डिझायनर आणि तपासनीस अशी दोन माणसांची कामं केलीत. तिसरं काम करायला वेळच उरला नाही.

पुण्याची ऑफर पगारासाठी किंवा घरच्या सोयीसाठी घ्यायची असेल तर तो तुमचा नि घरच्यांचा हिशेब, त्यात मी पडत नाही. मात्र या त्रासातून सुटण्यासाठी घेणार असाल तर थांबा. मोठ्या ऑफिसात खरेदी आणखी लांब असते, सिव्हिलवाले वेगळ्या मजल्यावर असतात, आणि मेक तिथंही बदलतात.

माझं मत विचाराल तर शिरोळचा प्रकल्प सुरुवातीपासून या पद्धतीनं करून बघा. चालू असलेल्या दोन्हींवर अर्धवट प्रयोग करू नका, तिथं फक्त वही सुरू करा आणि मेक बदलाची अट घाला. सरांकडं जाताना "मला जमत नाहीये" असं म्हणून जाऊ नका, तीन मागण्या घेऊन जा. मेक बदलाची ती अट कंत्राटदाराकडून सरांनी स्वतः मान्य करून घ्यावी. कागदपत्रांच्या आवक-जावकीला आणि रिव्हिजनच्या नोंदीला एक माणूस द्यावा, नवखा चालेल, पण दुसरं काम नको. आणि कुठलं ड्रॉइंग तुम्ही तपासणार, कुठलं नाही, ही यादी सरांनी सही करून मान्य करावी. उद्या क्लॅम्पच्या यादीत चूक निघाली तर "मॅडमनी बघितलं नव्हतं का?" हा प्रश्न येऊ नये म्हणून. या तिन्हींना सर सरळ नाही म्हणाले, तर पुण्याच्या ऑफरचा विचार करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि रात्रीची तपासणी या आठवड्यापासूनच बंद करा. मुख्य ड्रॉइंगसाठी दिवसाचे दोन तास दार लावून घ्या. त्या वेळात साईटचे फोन कुणी घ्यायचे ते ठरवून द्या. जमिनीच्या रोधाचं गणित पेंगुळलेल्या डोळ्यांनी करायची गोष्ट नाही.

तुमच्यासारख्या जागी असलेल्या इतरांनाही हेच सांगेन, मग काम उपकेंद्राचं असो की शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या विद्युतीकरणाचं. मागच्या मोठ्या चुकीचा कागद पुढं घ्या आणि तो तपासला तेव्हा बरोबर होता का, एवढंच बघा. बरोबर असेल तर दुरुस्ती तपासणीत करू नका. माहिती कुठं अडकली ते शोधा.

शिरोळच्या जागेचं एक काम मात्र थांबवू नका. आत्ता एप्रिल चालू आहे. मातीच्या रोधाची चाचणी पाऊस पडायच्या आत, जमीन वाळलेली असतानाच करून घ्या. जूननंतरचे आकडे ओलीमुळं कमी येतील आणि खोटा दिलासा देतील. खुंट्यांमधलं अंतर एक-दोन मीटरवर थांबवू नका, दहा मीटर आणि त्यापुढंही न्या, म्हणजे काळ्या मातीखाली काय आहे तेही कळेल. आणि भरावाचा मुरूम कुठल्या खाणीतून येणार हे कंत्राटदाराला आत्ताच विचारून ठेवा, त्याचीही चाचणी लागेल.